आत्या बसायला जाते

आमच्या वाडीत डास चावला तरी हात न उचलणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आत्या. डास तिच्या गालावर बसायचा, मनसोक्त प्यायचा, जड अंगाने उडून जायचा आणि आत्या समोर बघत राहायची. आम्ही पोरं ओरडायचो, "आत्या, डास!" ती म्हणायची, "कळलंय मला. हलायचं नाही. समोरचा दमतो."

नाव सुधा. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, मुलाने तिला आत्या म्हटलं आणि मग गिरगावातल्या आमच्या अख्ख्या वाडीने ती हाक उचलली. तिने लग्न केलं नाही, नोकरीही केली नाही. वहिनी लवकर गेली, भाचा शिकून परदेशी गेला. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गोदीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले दादा आणि त्यांचा चहा वेळेवर करणारी आत्या, एवढंच उरलं होतं.

न हलण्याची ही विद्या तिला गणपतीतल्या जिवंत देखाव्यांनी दिली होती. पडदा वर जायचा, लाउडस्पीकरवर निवेदन चालू व्हायचं आणि रंग फासलेली खरी माणसं मूर्तीसारखी उभी राहायची. आत्या सावित्री झाली, भारतमाता झाली, पण तिची सगळ्यात गाजलेली भूमिका शिळा झालेल्या अहल्येची. करड्या चादरीखाली ती अशी पडायची की एकदा मंडपातलं मांजर येऊन तिच्यावर झोपलं होतं. त्या देखाव्यात राम मी होतो. वय दहा, धनुष्य माझ्यापेक्षा उंच. निवेदकाने सांगितलं, "आणि प्रभूंच्या चरणस्पर्शाने...", आणि माझा चरण काही उचलेना. घरी शिकवण अशी की मोठ्या माणसांना पाय लावायचा नाही, चुकून लागला तर लगेच नमस्कार करायचा. निवेदकाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. चादरीखालून शिळा पुटपुटली, "पिंट्या, लाव मेल्या पाय."

"आई ओरडेल."

"मी सांगते तुझ्या आईला. लाव."

मी पाय लावला आणि सवयीने लगेच वाकून शिळेला नमस्कार केला. मंडपात हशा पिकला. शिळा मात्र तसूभरही हलली नाही. ती सावकाश उठली, हात जोडले आणि पडदा पडल्यावर मला कडकडून मिठी मारून इतकी हसली, की माझा निळा रंग तिच्या चादरीला लागला.

पुढे मी मोठा झालो, विमा कंपनीत चिकटलो आणि पन्नाशीच्या आसपास मला कला झाली. म्हणजे दोन दिवसांचं चित्र-रसग्रहण शिबिर केलं आणि त्याचं प्रमाणपत्र काचेत लावून घेतलं. त्यानंतर माझ्यासमोर कुणी भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे जरी पाहिलं, तरी मी त्याला त्यातला अवकाश समजावून सांगू लागलो. वाडीतले लोक जिन्यात मी दिसलो की मोबाइल कानाला लावत. ऐकून घ्यायची ती फक्त आत्या. तिची चित्र बघायची रीत मात्र अगदीच निराळी होती. मी रंगसंगतीवर बोलत असायचो आणि ती विचारायची, "हिला किती वेळ बसवलं असेल रे?"

"आत्या, ते महत्त्वाचं नसतं."

"तिला असेल. मान बघ कशी धरलीय. दुखत असणार."

किराणावाल्याच्या कॅलेंडरवर कमळात एका पायावर उभी असलेली लक्ष्मी पाहून तिने हळहळत म्हटलं होतं, "निदान दुसरा पाय टेकू द्यायचा बिचारीला." मी त्यावर उदारपणे हसलो. प्रमाणपत्र माझ्याकडे होतं.

दोनेक वर्षांपूर्वी आत्याने मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दादरला जायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायची, "गुडघ्यांच्या व्यायामाला." बस पकडायला ती वाडीतून इतकी झपाझप चालत जायची, की गुडघ्यांना खरोखर गुण येत असावा असं सगळ्यांना वाटायचं. दादा तर कौतुकाने सांगत, "सुधाचे गुडघे फार मनावर घेतलेत त्यांनी."

मग तो मुंजीचा दिवस आला. दादा आणि मी दादरला एका मुंजीत जेवलो, जरा जास्तच जेवलो आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. कोपऱ्यावर एका चित्रकलेच्या खासगी वर्गाचं वार्षिक प्रदर्शन लागलं होतं. दादा म्हणाले, "मला चित्रांतलं काही कळत नाही." मी म्हणालो, "एसी आहे." ते आत आले.

पहिलंच चित्र भलंमोठं. हिरवा चेहरा, अर्ध्याच्या पुढे शरीरच नाही आणि खाली काहीतरी लोंबतंय. मी दोन पावलं मागे सरलो, डोळे बारीक केले आणि सुरू झालो. "दादा, हा शहरातला एकटेपणा. हिरवा म्हणजे आपण बुजवलेली खाडी. शरीर अर्धं, कारण माणूस इथे पूर्ण जगतच नाही. आणि हे जे खाली लोंबतंय, तो तुटलेला भविष्यकाळ."

"तो पदर आहे," दादा म्हणाले.

"तसंही म्हणता येईल. पण..."

"माझ्या साठीशांतीला घेतलेल्या साडीचा पदर आहे. या कोयऱ्या बघ. पिंट्या, ही आमची सुधा आहे."

मी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कलेत माणूस आपल्याच आठवणी कशा पाहतो, हे त्यांना सांगू लागलो. दादा ऐकत नव्हते. ते दुसऱ्या चित्राकडे गेले. तिथे कोळशाने काढलेली सुधा. तिसऱ्यात जलरंगातली सुधा. पुढे खिडकीशी सुधा, खुर्चीत सुधा, पाठमोरी सुधा. एका चित्रात तिला डोळेच नव्हते, दुसऱ्यात चांगले मोठाले होते. एका पोराने तिची राणी केली होती, दुसऱ्याने चेटकीण. दादा भिंतीभिंतीने फिरत होते आणि त्यांच्या तोंडातला मुंजीचा विडा चावायचा राहिला होता.

हातांना माती लागलेली एक मुलगी पुढे आली. तन्वी तिचं नाव, वर्गात मूर्तिकाम शिकत होती. "आजोबा, तुम्ही सुधा मॅमना ओळखता? आमच्या बेस्ट मॉडेल आहेत. दोन दोन तास हलत नाहीत."

"घरीही हलत नाही," दादा क्षीण आवाजात म्हणाले. "मला वाटायचं गुडघे आहेत."

टॅक्सीत दादा एक शब्द बोलले नाहीत. मीही गप्प होतो, त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात यावं. आत्या नुकतीच घरी येऊन पाय धूत होती.

"कुठे होतीस?"

"व्यायामाला."

"गुडघे हिरवे झालेत तुझे. पाहून आलो आत्ताच."

आत्याने पाय पुसले, चहाचं आधण ठेवलं आणि सगळं सरळ सांगून टाकलं. दादरला जायला लागायच्या आधीच्या गणपतीत ती शबरी झाली होती. त्या वर्गाचे सर देखावा बघायला आले होते. तिच्या हातातल्या बोरावर पतंग येऊन बसला तरी बोर हललं नाही, हे त्यांनी पाहिलं. प्रसादाचा द्रोण हातात घेऊनच ते पडद्यामागे आले आणि त्यांनी विचारलं, मुलांसाठी बसाल का? आत्या म्हणाली, विचार करून सांगते. मग डोक्यावरचा शबरीचा पांढरा टोप काढेपर्यंत तिने विचार केला आणि दादरला कुठली बस जाते ते विचारून घेतलं.

"लाज नाही वाटत?" दादा कडाडले. "परकी पोरं टक लावून बघत बसतात तुझ्याकडे!"

"हो ना रे दादा," आत्या म्हणाली. "जन्मात पहिल्यांदाच." आणि मग तिने पदर कपाळावरून ओढून चेहरा झाकला. "बघू नकोस हं. सांग बरं, माझ्या चेहऱ्यावर तीळ कुठे आहे?"

दादांनी स्वतःच्याच गालावर बोट ठेवलं, तिथून हनुवटीवर नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, कारण मलाही ठाऊक नव्हतं. तिच्या मांडीवर वाढलेला आणि चेहरे वाचण्याचं प्रमाणपत्र असलेला माणूस मी.

हरलेला हेडक्लार्क हुकूम काढतो. "ते काही नाही. उद्यापासून तिकडे जायचं बंद. एवढी हौस असेल तर घरात बस."

"बरं," आत्या म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी ती घरात बसली. सकाळची कामं उरकून गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकली, पदर नीट केला, मान किंचित वळवली आणि बसली ती बसलीच. दुपारच्या चहाची वेळ आली आणि गेली. दादा खाकरले. पेपर मोठ्याने वाचला. रिकामा कप बशीवर वाजवला. शेवटी ते खाली माझ्या दारात उभे. "पिंट्या, तुला चहा येतो का रे करायला?"

वाडी लोटली. शेजारच्या सामंतकाकूंचं मत पडलं की अंगात आलंय, हळद लावा. तळमजल्यावरचे टेलर म्हणाले की हे मौनव्रत आहे, महिनाभर चालेल. मी मात्र गर्दी बाजूला सारून पुढे झालो आणि स्थिरता हीच प्रतिकाराची सगळ्यात जुनी भाषा कशी आहे, हे लोकांना समजावू लागलो. आत्याचे ओठ न हलता आवाज आला, "पिंट्या, उजेड अडवू नकोस."

दुसरा दिवस तसाच गेला. दादांनी बिस्किटांवर भागवलं. संध्याकाळी ते तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जा बाई. पण वाडीत कुणाला कळता कामा नये." आत्या उठली आणि तिने आधण ठेवलं.

पण लपवून जायचं तिला पटेना. मला म्हणाली, "लपवलं की चोरी केल्यासारखं वाटतं रे. मी तर नुसती बसते." मग आली संक्रांत. आमच्याकडे घरोघर हळदीकुंकू होतं आणि इतकी वर्षं प्रत्येक घरी तिळगुळाचं तबक फिरवायला आत्या असायची. बिनलग्नाची म्हणून स्वतःचं हळदीकुंकू तिने कधी केलं नव्हतं. यंदा तिने घराघरात जाऊन आमंत्रण दिलं. बायका बिचकल्या, पण वाण काय असेल या उत्सुकतेने सगळ्या आल्या. दर वर्षी वाण म्हणून स्टीलची वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा. आत्याने प्रत्येकीच्या ओटीत गुंडाळी करून लाल दोरा बांधलेला एक कागद घातला. वर्गातली मुलं सरावाची चित्रं टाकून देत, ती तिने मागून आणली होती.

वाटी कशी आहे यावर फार बोलता येत नाही. या वाणावर बायका बोलायच्या थांबेनात.

सामंतकाकूंनी कागद उलगडला आणि किंचाळल्या, "अगं बाई, ही माझी सासू! तोच कुत्सित ओठ. कुणी काढली?" कोपऱ्यातल्या लेलेबाई आपलं चित्र उजेडात धरून म्हणाल्या, "आमची मालवणची मावशी अशी बसायची. मासे घेऊन येणाऱ्याची वाट बघत." नव्याने लग्न होऊन आलेली तिसऱ्या मजल्यावरची सून हसायला लागली. "ही मी आहे. ऑफिसातून आल्यावर. अशीच सोफ्यावर पडते आणि सासूबाई विचारतात, काय झालं?" तिच्या सासूने चित्र हातात घेतलं, पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला म्हणाली, "खरंच अशी दिसतेस गं."

मी दारातून सांगत होतो, "अहो, ही सगळी आत्या आहे! एकच बाई!" कुणाचाही विश्वास बसला नाही. सामंतकाकू तर रागावल्या. "माझी सासू मला ओळखता येत नाही होय?" जाताना त्यांनी चित्र जपून नेलं. "कपाटाच्या आतल्या बाजूला लावते. अधूनमधून दार उघडून बोलता येईल. आता उलटून उत्तर देणार नाही ना."

बायकांचा कार्यक्रम म्हणून दादांनी स्वतःला स्वयंपाकघरात कोंडून घेतलं होतं. सगळं ऐकू येत होतं. सगळ्या गेल्यावर ते बाहेर आले. उरलेला एक कागद त्यांनी खिडकीशी नेला, चष्मा वर केला, खाली केला. आत्या तबक पुसत होती. मला वाटलं, आता फुटणार.

"हनुवटी चुकलीय," दादा म्हणाले.

"काय?"

"आपली हनुवटी अशी नाही. पुढे येते. बाबांची, माझी, तुझी. या पोराने पार आत ढकललीय. सांगत नाहीस का त्यांना?"

"मी हलत नाही, दादा. बोलायचं कुठून?"

पुढच्या शुक्रवारी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर वर्गात गेले, हनुवटी समजावायला. सरांनी कौतुकाने त्यांनाही बसवलं. दादा बसले, पण पोरांच्या कागदात डोकावल्याशिवाय त्यांना राहवेना. त्या दिवशीच्या सगळ्या चित्रांत दादांना तीन तीन हात आहेत आणि एकात ते चौकटीबाहेर जाताना दिसतात. सर अदबीने म्हणाले, "आजोबा, तुम्ही बाहेर चहा घेता का?" परत आल्यावर दादांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं की सुधाचं काम वाटतं तितकं सोपं नाही. वाडीत कुणाला कळू नये, ही अट त्यांनीच दोन मजल्यांत मोडून टाकली.

सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना तन्वीला कोचीत एक कार्यशाळा मिळाली. तिला मोठी मूर्ती करायची होती, माणसाच्या दीडपट, बसलेली बाई. ती आत्याकडे आली आणि जमिनीवर मांडी घालून म्हणाली, "मॅम, तीन महिने. राहायचं, जेवायचं, सगळं माझ्याकडे. तुमच्याशिवाय ही मूर्ती होणार नाही."

आत्याने तोवर महाबळेश्वरच्या पुढचं जग पाहिलेलं नव्हतं. आणि महाबळेश्वरलाही सगळ्यांचे स्वेटर सांभाळत ती गाडीतच बसली होती. तिने तन्वीला तिळाच्या वड्या दिल्या आणि या वेळी "विचार करून सांगते" असंही म्हणाली नाही. म्हणाली, "कधी निघायचं?"

तन्वी गेल्यावर खोलीत मी, दादा आणि आत्या. या वेळी दादा कडाडले नाहीत. कोची किती लांब, तिथे कुठली भाषा, आजारी पडलीस तर काय, असे सगळे प्रश्न त्यांनी विचारून पाहिले. प्रत्येकाला आत्याने "बघू" म्हटलं. मग त्यांच्या तोंडून खरा प्रश्न आला.

"आणि मी जेवायचं काय?"

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आता ही विरघळणार, हे मला दिसत होतं. कुठलीही आकृती वाचायला मी शिकलेलो होतो.

"तांदूळ दोनदा धुवायचे," ती म्हणाली. "पातेल्यात बोट उभं धरायचं. तांदळाच्या वर पहिल्या पेराइतकं पाणी."

"सुधा, मी भाताचं नाही विचारत."

"कळलंय मला."

"जाऊ नकोस म्हणतोय मी."

"तेही कळलंय. पहिल्या पेराइतकं, दादा. झाकण ठेवल्यावर सारखं उघडून बघायचं नाही."

दादांनी नकळत आपलं तर्जनीचं बोट वर धरलं आणि पहिलं पेर कुठलं, वरचं की खालचं, हे ते माझ्याकडे बघून विचारू लागले. तेव्हा मला कळलं की आत्या चालली.

ती गेली त्या दिवशी वाडीच्या तोंडाशी टॅक्सी उभी होती. आयुष्यात पहिलं विमान. तीन वेळा पर्स उघडून तिकीट बघून झालं, दोन वेळा खाली उतरून गॅस बंद केलाय ना ते विचारून झालं. सामंतकाकूंनी दह्याची कवडी हातावर ठेवली. दादा टॅक्सीच्या खिडकीशी उभे राहून ड्रायव्हरला रस्ता समजावत होते, जो त्याला त्यांच्यापेक्षा चांगला ठाऊक होता. टॅक्सी निघाली तेव्हा ते बाजूला व्हायचे विसरले. ड्रायव्हरला हॉर्न द्यावा लागला.

मूर्ती झाली. फोटो आले. मी ते मोठे करून पाहिले आणि माझ्या मनात पाचसहा वाक्यं तयारही झाली. तन्वीने लिहिलं होतं की तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला ती आपली बहीण वाटते, आणि शाळेतल्या पोरांना गणिताच्या बाई, म्हणून पोरं तिच्यासमोरून पळत जातात. पण तीन महिने संपले तरी आत्या आली नाही. तिथे आलेल्या एका चित्रकार बाईंनी तिला बडोद्याला बोलावलं आणि ती परस्पर तिकडेच गेली. तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आत्या, येणार कधी?"

"बघू रे. गणपतीपर्यंत येईन. नाहीतर पुढच्या." मागे कुणीतरी गुजरातीत तिला हाक मारत होतं. "पिंट्या, ठेवते. उजेड जातोय."

मी फोन ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून दादांनी हाक मारली, "वर ये. भात टाकलाय."

मी गेलो. दोन ताटं मांडलेली होती, लिंबाची फोड, मेतकूट, तूप. दादांच्या कपाळावर घाम होता आणि शर्टाच्या बाहीला पीठ लागलं होतं. भातात पीठ कुठून आलं, हे मी विचारलं नाही. त्यांनी पातेल्यातून एक मोठा गोळा उचलून माझ्या ताटात ठेवला. तो जसा ठेवला तसाच उभा राहिला. मी त्याच्याकडे दोन क्षण पाहिलं आणि सवयीने तोंड उघडलं.

"काही समजावून सांगू नकोस," दादा म्हणाले. "खा."

भात खाली लागला होता आणि मधे कच्चा होता. मी खाल्ला. दादा त्यांचा घास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी डाव घेतला आणि विचारलं, "आणखी घालू?"

मी ताट पुढे केलं.